बोगद्याच्या वरचं पाणी

एक लिटर पाणी आणायचं, एवढीच मोहीम होती. पण ते आणायचं होतं नदीच्या उगमाजवळून, जुन्या तांब्याच्या खाणीच्या बोगद्याच्याही वरून. खरं तर त्यासाठी बाबाच निघणार होते.

त्या शेवटच्या साध्या दिवशी ते स्वयंपाकघराच्या टेबलावर दगड मांडून बसले होते. एकेक दगड जिभेला लावायचा, ओला करायचा आणि उजेडात फिरवून बघायचा.

"बाबा, चहा ठेवायला जागा तरी करा."

"ओला केल्याशिवाय दगड खरं बोलत नाही," ते हसले. मग हातातला दगड खाली ठेवत म्हणाले, "सुनावणीआधी एकदा वर जाऊन येतो. वीस वर्षांपूर्वीचा तो आकडा मला अजून पटत नाही गं. एवढ्या स्वच्छ झऱ्यात तांबं येईल कुठून?"

"बघू," ती म्हणाली आणि कप विसळायला वळली.

दुसऱ्या सकाळी ते उठलेच नाहीत.

तांबं कुठून आलं ते तिला ठाऊक होतं. तेव्हा ती बावीस वर्षांची होती. बाबांचा गुडघा सुजला होता, म्हणून वरचा नमुना आणायला त्यांनी तिला पाठवलं. ती दमली आणि बोगद्याच्या तोंडाखालीच बाटली भरून परतली. चिठ्ठीवर मात्र तिने लिहिलं, 'बोगद्याच्या वर.' त्या आकड्यावरून भूवैज्ञानिक म्हणून बाबांनी अहवाल दिला, की या पाण्यात तांबं मुळातच आहे, खाणीमुळे नाही. बंद पडलेली खाण पुन्हा सुरू झाली. खालच्या वस्तीच्या जाळ्यात मासा येईनासा झाला, आणि प्रत्येक तक्रारीला कंपनी बाबांच्या सहीचा कागद पुढे करत राहिली. आता कंपनीला शेजारीच दुसरी खाण खणायची होती, आणि सुनावणी त्याचीच होती.

नवा नमुना आणला की जुना आकडा आपोआप खोटा पडेल. कुणाला काही सांगावं लागणार नाही!

बाबांबरोबर तीस वर्षं डोंगर तुडवलेले वाटाडे काका सोबतीला होते. पिशवीत प्रयोगशाळेतून आम्लाने धुऊन घेतलेली एकच बाटली होती. सुनावणी दुसऱ्या दिवशी सकाळी होती. ती पहाटेपासून काकांच्या पुढे पुढे धावत होती.

"अगं पोरी, डोंगर काही पळून जात नाहीये," काका धापा टाकत म्हणाले. "आधी माझं वय बघ, मग पाय उचल!"

दुपारी बोगदा आला. त्याच्या तोंडातून गंजासारखं पाणी पाझरत होतं आणि खालचे दगड हिरवेनिळे पडले होते. वीस वर्षांपूर्वी ती जिथे वाकली होती तो सपाट खडक तसाच होता. ती थांबली नाही.

वर ठिसूळ दगडांचा घसरडा उतार लागला. दोर बांधून दोघांनी तो आडवा पार केला. आणि पलीकडे झरा! तळाचा खडा न् खडा दिसत होता, आणि त्या थंड पाण्यात बोटाएवढे मासे प्रवाहाकडे तोंड करून स्थिर उभे होते. तिचे डोळे भरून आले. तिने बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळली, भरली, झाकण घट्ट केलं.

"बाप दगड चाटायचा, लेक पाणी विसळते," काका पुटपुटले. "तुमच्या घरात जेवायला वेळ मिळायचा का कुणाला?"

ती खूप दिवसांनी हसली.

परतताना उतार सुटला.

आधी एक दगड. मग दहा. मग काकांच्या पायाखालची जमीनच सरकली! दोराला हिसका बसला. ती आडवी पडली, फरपटत गेली. एका हातात दोर, दुसऱ्या हातात पिशवी. दोर तळव्यातून सरकू लागला.

"सोड मला!" काका ओरडले.

तिने पिशवी सोडली.

दोन्ही हातांनी दोर धरून तिने टाच एका खडकाला रोवली. बाटली खाली आपटत, उसळत गेली आणि दरीत दिसेनाशी झाली. काका वर आले. त्यांचा घोटा सुजून टम्म झाला होता. मागे पाहिलं तर झऱ्याकडची वाट दगडांखाली गडप झाली होती.

उतरताना त्यांचा हात तिच्या खांद्यावर होता.

"काका, त्या पहिल्या बाटलीचं मला काही सांगायचंय..."

"मला सांगून माशांना काय मिळणार?" ते कण्हत म्हणाले. "जिथे लिहून घेतात तिथे सांग."

सकाळी सुनावणीच्या खोलीत ती चिखलाच्या बुटांनिशीच शिरली. काका भिंतीशी पाय लांब करून बसले. कंपनीचा माणूस बाबांचा अहवाल वाचत होता, बाबांचं नाव दर दोन वाक्यांनी घेत होता. तिचे तळवे सोलले होते आणि त्यांत काहीच नव्हतं.

ती उठली. माईक पुढे ओढला.

"हा आकडा त्यांचा नाही. ती बाटली मी भरली होती, बोगद्याच्या खाली." लिहून घेणारा थांबला. ती समोर पाहत होती, पण खोलीतल्या कुणाकडेच नाही. "बाबा, मी वर गेलेच नव्हते."