धुराड्याची झडप

ही ऐकीव गोष्ट नाही. माझ्या सख्ख्या मोठ्या बहिणीच्या घरात घडलेली आहे. विश्वास ठेवायचा की नाही ते तुम्ही ठरवा, पण ताईसमोर हसू नका. मी एकदा हसलो होतो, तर ती महिनाभर माझ्याशी बोलली नव्हती.

आणि भुतं रात्रीच येतात असं ज्यांना वाटतं, त्यांना आधीच सांगतो.

हे बरंचसं भर दुपारी झालं. ऐन कडाक्याच्या थंडीत, ताईच्या सासरी, मधल्या खोलीत.

त्या खोलीत बिडाची शेगडी होती. कमरेएवढी उंच, पुढे लोखंडी दार, वर पत्र्याचं धुराडं छतातून थेट बाहेर गेलेलं. धुराड्यात झडप, तिची मूठ बाहेरच्या बाजूला. मूठ उभी असली की झडप उघडी, आडवी केली की बंद. घरात काय ती ऊब याच खोलीत असायची, म्हणून ताईची तान्ही लेक तिथेच झोपायची.

या झडपेवरून ताईचं आणि सासऱ्यांचं हाडवैर होतं.

सासरे महाकंजूष. वाकडा खिळा दिसला तरी ठोकून सरळ करायचे आणि डब्यात टाकायचे. शेगडीत निखारे लाल असतानाच झडप लावून घ्यायचे. का, तर ऊब वर जाते! ताई लगेच जाऊन उघडायची. धगधगत्या निखाऱ्यांतून विषारी वायू निघतो, त्याला ना रंग ना वास. झडप बंद असली की तो खोलीत साठतो आणि झोपलेलं माणूस उठतच नाही. धुराडं साफ करायला येणाऱ्याने तिला हे बजावून सांगितलं होतं.

"लाकडं काय बापाच्या घरून आणलीस?" सासरे म्हणायचे.

"लेकरापेक्षा लाकडं मोलाची का तुम्हाला?" ताईही ऐकून घेणाऱ्यातली नव्हती.

शेवटी दोघांचं बोलणंच बंद झालं. त्या वर्षी थंडी सुरू व्हायच्या आधी सासरे छातीच्या दुखण्याने हॉस्पिटलात गेले, ते परत आले नाहीत. ताई रडली नाही. खोटं कशाला बोलू, तिला सुटल्यासारखं वाटलं.

मग थंडी पडली.

ताईचं शेगडी पेटवणं रीतसर असायचं. आधी झडप पूर्ण उघडी, खालची हवेची खिडकी उघडी, मग सुक्या ढलप्या, त्यावर जाड लाकूड. जाळ नीट धरला की खालून हवा थोडी कमी करायची. मग धुराडं एका लयीत घुमायला लागायचं. तो आवाज आला की ताई निर्धास्त.

त्या दुपारी ती स्वयंपाकघरात होती. आवाज येत होता.

आणि मग... येईनासा झाला.

ती धावत खोलीत आली.

मूठ आडवी होती. आत निखारे लालभडक, आणि लेक गाढ झोपलेली.

ताईने झडप उघडली, खोलीची खिडकी उघडली आणि तशीच सासूबाईंवर घसरली.

"झडप तुम्ही लावलीत ना?"

"मी कशाला लावू? शेगडीवर तुझंच राज्य आहे की."

"मग काय आपोआप लागली?"

"तुझाच हात लागला असेल. डोकं ठिकाणावर असतं कुठे तुझं."

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशीही. ताई सासूबाईंवर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवायला लागली. भावोजी दोघींच्या मध्ये पडायचे आणि दोघींकडून बोलणी खायचे. शेवटी सासूबाई पिशवी भरून आपल्या बहिणीकडे निघून गेल्या.

पीडा टळली, असं ताईला वाटलं. तरी तिने मूठ उभी करून तारेने करकचून बांधली.

भावोजी कामावर गेले. तिने दाराला आतून कडी लावली आणि शेगडीकडे पाठ करून कपड्यांच्या घड्या घालत बसली.

धुराडं घुमत होतं...

घुमत होतं...

थांबलं.

ताई लगेच वळली नाही. वळवेना तिला. मागे बीड निवताना करतं तसं टक्... टक्... होत होतं.

मग ती वळली.

मूठ आडवी. तार तुटलेली नव्हती. ती सोडवलेली होती, ठोकून सरळ केलेली होती आणि शेगडीवर नीट ठेवलेली होती.

ताईने लेकीला उचललं आणि अनवाणीच घराबाहेर पळाली. भावोजी येईपर्यंत ती शेजाऱ्यांच्या ओट्यावर कुडकुडत बसली.

दुसऱ्या दिवशी धुराडंवाला आला. मूठ फिरवताना त्याच्या कपाळाच्या शिरा ताठल्या.

"ही आपोआप लागणं शक्य नाही, बाई. मला दोन्ही हात लावावे लागतायत."

"काढूनच टाका," ताई म्हणाली.

त्याने झडप उपटून काढली आणि मुठीच्या भोकावर पत्रा मारला. आता बंद करायला काही उरलंच नव्हतं. त्या रात्री ताई कित्येक दिवसांनी शांत झोपली.

सकाळी जाग आली तेव्हा धुराडं घुमत होतं. खोली उबदार होती. ताईने कुशीवर वळून लेकीकडे पाहिलं...

लेक दिसेना.

पांघरूण तिच्या डोक्यावरून ओढलेलं होतं. चारही बाजूंनी गादीखाली खोचलेलं. घट्ट. आतली ऊब जराही बाहेर जाऊ नये असं.

ताईने ते ओरबाडून काढलं. पोर निळी पडली होती. उलटी धरून पाठीवर थापट्या मारल्या, तेव्हा कुठे रडली.

त्याच दिवशी त्यांनी ते घर सोडलं. सासूबाईंना फोन करून सांगितलं. त्या म्हणाल्या, "मी काय हौसेने बहिणीकडे आले?"

आता माझी भाची शाळेत जाते. नव्या घरात शेगडी नाही, धुराडंही नाही. ताई तिला कडक थंडीतही पांघरूण घेऊ देत नाही. दोन स्वेटर चढवून झोपवते.

गेल्या आठवड्यात मी त्यांच्याकडे राहायला गेलो होतो. भाचीच्याच खोलीत झोपलो. सकाळी डोळे चोळत तिने विचारलं, "मामा, रात्री मला पांघरूण तू घातलंस?"

मी रात्रभर जागचा हललो नव्हतो.

पण ताई दारातच उभी होती. मी हो म्हणालो.