धरणाच्या पोटातली हाक

विश्वास ठेवा, नाहीतर सोडून द्या. पण हे खरंच घडलंय.

जुलैतली कडाक्याच्या थंडीची सकाळ. ऑस्ट्रेलियात जुलै म्हणजे हिवाळा. इथल्या गिप्सलँडमधलं आमचं कूलाबरीचं मातीचं धरण. आणि आमची शेजारीण लॉरेन स्कली.

धरणावर नजर ठेवणं हे तिचं काम. बांधाच्या पायथ्याशी पाणी थोडंफार पाझरतंच. नितळ असलं तर काळजी नाही. गढूळ झालं, की समजायचं... पाणी आतली माती पोखरून नेतंय. असं धरण वरून धडधाकट दिसतं आणि एकाएकी खचतं. खाली आमचं गाव.

दोन वर्षांपूर्वी तिची तरणीताठी मुलगी, टीगन, याच जलाशयात पोहायला उतरली.

वर आलीच नाही. पाणबुड्यांनाही सापडली नाही.

"बदली मागून घे गं," लोक म्हणायचे.

"आणि तिला इथं एकटीला टाकून जाऊ?"



त्या सकाळी धुकं दाट होतं. पायथ्याच्या पाणथळीत बेडूक ओरडत होते.

अचानक गप्प झाले.

सगळेच.

आणि मग... कुणीतरी गुणगुणलं.

लॉरेन थिजली. नाकातला, जरासा बेसूर आवाज. भांडी विसळताना टीगन असंच गुणगुणायची.

आवाज बांधाच्या आतून येत होता.

कमरेएवढं गवत बाजूला सारत ती तिथवर गेली. जमिनीतून पाणी उकळी फुटल्यासारखं वर येत होतं. भोवती बारीक वाळूचं वारूळ साचलं होतं. पाणी दुधाळ चहासारखं गढूळ.

तिनं त्याच क्षणी वायरलेसवर कळवायला हवं होतं. ती गुडघ्यांवर बसली आणि त्या भोकात हात घातला.

"टीगन? बाळा?"

आतून गार बोटांनी तिचा अंगठा धरला. तान्हं मूल धरतं तसा... घट्ट.

किती वेळ गेला, तिला कळलं नाही. पाण्याचा जोर वाढत होता. धरणाची माती तिच्या मनगटावरून वाहत होती. ती हलली नाही. रडत नुसती बोलत राहिली. घरातलं, कुत्र्याचं, काहीबाही.

एवढ्यात खालून शाळेच्या मैदानातला पोरांचा गलका धुक्यातून वर आला.

लॉरेननं हात सोडवून घेतला.

तिनंच.

मग वायरलेसवरून धावाधाव झाली. धरणाचे दरवाजे उघडून जलाशयाचं पाणी उतरवायला घेतलं. गावातला मर्व हॅडो खोदयंत्र घेऊन आला. त्या जागेवर वाळू आणि खडी दाबायची होती, म्हणजे पाणी निघून जातं पण माती अडते.

मर्वनं खडीचं पहिलं बकेट उचललं... आणि तसंच थांबवलं. चेहरा पांढराफटक.

"लॉरेन, खाली कोण आहे गं?"

"कुणी नाही."

"अगं, मी आत्ता ऐकलं..."

"कुणी नाही म्हटलं ना!" तिचा आवाज फाटला. "टाक, मर्व."

त्यानं टाकलं. शेवटच्या बकेटापर्यंत ती तिथंच उभी होती, मातीनं माखलेला हात छातीशी धरून.

दुपारपर्यंत खडीतून नितळ पाणी यायला लागलं. गाव वाचलं. मेलबर्नहून तपासणीला आलेले इंजिनिअर म्हणाले, आतली वाट इतकी अरुंद होती की तिच्यातून उंदीरही कसाबसा जाईल.

त्यानंतर लॉरेननं मर्वला एकदाच विचारलं, "काय ऐकलंस तू?"

"यंत्राचाच आवाज असेल गं," तो म्हणाला.

खोटं बोलला. खरं त्यानं मला सांगितलं, पबच्या मागच्या अंगणात, डोळे पुसत.

"'आई, जाऊ...' एवढंच ऐकू आलं. पुढचा शब्द खडीखाली गेला."

जाऊ दे?

की जाऊ नकोस?

लॉरेन अजून शेजारीच राहते. कुंपणापाशी भेटली की मी हवापाण्याचं बोलतो आणि पटकन घरात येतो.