डाव्या कानाशी

साक्रीहून सकाळी सुटणाऱ्या पिंपळनेरच्या गाडीत दिपमाला चढली आणि थबकलीच. आठवडाभर ती ग्रंथालयात जी कादंबरी मागत होती, ती डावीकडच्या खिडकीशी बसलेल्या एका माणसाच्या मांडीवर उघडी होती.

"तुमच्याकडे आहे होय हे!" ती म्हणाली. "वाचताय, की उबवताय?"

त्याने दचकून वर पाहिलं. मग डोळ्यांत हळूच हसू आलं. "फुटायला आलंय अंडं... बसा ना. पिल्लू तुम्हालाच देतो."

तो कुंदन. तिच्यासारखाच शिक्षक, पिंपळनेरच्या पुढे तिची शाळा, अलीकडे त्याची. तालुक्यातले वीस-बावीस शिक्षक महिन्याच्या शेवटच्या शनिवारी, सकाळची शाळा सुटली की साक्रीला जमून एका पुस्तकावर बोलत. या खेपेची कादंबरी आठवीतल्या एका मुलाची होती. वर्गातली पोरं त्याला रोज छळतात, मारतात, आणि सर फळ्याकडे तोंड करून शिकवत राहतात. ग्रंथालयात प्रत एकच. म्हणून ठरलं, गाडीत दोघांनी मिळून वाचायची. तिची शेवटची ओळ संपली की तिने "हं" म्हणायचं, त्याने पान उलटायचं.

"फार सावकाश वाचता तुम्ही."

"तुम्ही फार घाईने. पेपरही असेच तपासता का?"

"पोरं खूश असतात, मॅडम."

"असणारच!"

कधी कधी तिचं पान केव्हाच संपलेलं असे. तरी ती "हं" म्हणत नसे. कागदाच्या कोपऱ्यावर टेकलेली त्याची बोटं अजून थोडा वेळ तिथेच राहावीत... एवढ्यासाठी.

तिचे वडील, आबा, गेले त्याला दहा महिने झाले होते. घरी आईसमोर ती त्यांचा विषय काढत नसे. गाडीत मात्र बोलायची. "आबा बोदवडच्या शाळेत, आम्ही धुळ्यात. शनिवारी यायचे, आणि रविवारी माझी वेणी घालायचे. आईपेक्षा सैल, दुखू नये म्हणून. सगळे त्यांना जीवराम सर म्हणायचे... फार नाव होतं त्यांचं तिकडे."

कुंदन खिडकीबाहेर कांद्याच्या वाफ्यांकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "सांगा ना पुढे. त्यांच्याबद्दल बोलताना तुम्ही... छान दिसता."

एकदा त्याच्या नेहमीच्या जागेवर पेरूची पाटी घेऊन एक म्हातारी बसली होती. कुंदन अदबीने म्हणाला, "अक्का, जरा पलीकडे बसता का?"

"काय रे भाऊ, बठ्ठी गाडी तुनीच शे का?"

अख्खी गाडी कुंदनच्या नावावर झाली म्हणून गाडीभर हशा पिकला. दोघं उजवीकडच्या बाकावर बसले, तो खिडकीशी, ती त्याच्या डाव्या हाताला. पान संपलं. ती "हं" म्हणाली. पुन्हा म्हणाली. तिसऱ्यांदा तिने कोपराने ढोसलं. "बहिरे झालात का?"

"या बाजूने... थोडा." तो हसला. "लहानपणी लागलं होतं."

शनिवारी चर्चा रंगली. निवृत्तीला आलेल्या सुनंदाबाई म्हणाल्या, "एवढं काय त्यात? आम्ही छड्या खाल्ल्या म्हणून तर माणसात आलो."

"बाई," कुंदन म्हणाला, "मी सातवीत होतो. मधल्या सुट्टीत पोरं मला कोंडून मारायची. एके दिवशी मी उलटून मारलं. नेमके तेव्हाच सर आले. त्यांनी तेवढंच पाहिलं. एकच कानाखाली दिली. तेव्हापासून हा कान गेला."

दिपमालाच्या अंगाची लाही लाही झाली. "असल्या माणसाला शिक्षक म्हणू नये! कोण होते हे सर?"

"राहू द्या. गेले ते."

"कुंदन सर, तुम्ही बोदवडचे ना?" सुनंदाबाई म्हणाल्या. "अगं दिपमाला, तुझे आबाही तिथेच होते की!"

तिने त्याच्याकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली.

बसस्टँडवर तिने एवढंच विचारलं, "आबाच ना?"

"हो."

"माफी मागितली होती त्यांनी?"

"नाही."

"आणि तरी माझ्याकडून त्यांचं कौतुक ऐकत बसलात?"

"वेणी घालणारे आबा मला ठाऊकच नव्हते, दिपमाला." पहिल्यांदाच त्याने 'मॅडम' म्हटलं नाही. "त्याच हाताला तेही येत होतं... ऐकून बरं वाटायचं."

सोमवारपासून ती आधीच्या गाडीने जाऊ लागली. घरी फोटोसमोर उभी राहायची. रागवावं, तर उत्तर द्यायला माणूस नाही. आणि रागावून झालं तरी माया तिथल्या तिथेच. संध्याकाळी परतताना मागे पडणाऱ्या गाड्यांच्या खिडक्या तिची नजर आपोआप चाळत राही. एकदा तो दिसलाही. एकटा, मांडीवर मिटलेलं पुस्तक. रस्ता वळला, तरी ती मान वळवून बसली होती.

पंधरा दिवसांनी तिने आधीची गाडी जाऊ दिली.

"आज उशीर?" बाकावरची पिशवी उचलत कुंदनने विचारलं.

"नाही. आजच वेळेवर आले." ती बसली. गाडी गावाबाहेर पडल्यावर म्हणाली, "त्यांच्या वतीने मी माफी मागणार नाही. ती त्यांनीच मागायची होती."

"मी कुठे म्हटलं?"

"आणि त्यांच्यावरची माया मला सोडता येणार नाही."

"सोडा असंही म्हटलं नाही."

"मग..." तिने बोटांना पदराचा काठ गुंडाळला, सोडला. "या दोन्हींसकट मी... चालेन तुम्हाला?"

त्याचे कान लाल झाले. "पंधरा दिवस या जागेवर पिशवी ठेवून भांडतोय मी लोकांशी. कंडक्टरने काल दोन तिकिटं घ्यायला लावली. आता काय सांगू अजून?"

ती हसली, आणि हसता हसता डोळे भरून आले.

"पुढच्या महिन्यात आबांचं वर्षश्राद्ध आहे. याल? आईला सगळं सांगितलंय."

"काय म्हणाल्या?"

"रडली खूप. मग म्हणाली, त्याला जेवायला बोलाव." ती थांबली. "फोटोला नमस्कार केलाच पाहिजे, असं नाही हं."

उन्हाचा एक पट्टा दोघांच्या गुडघ्यांवरून सरकत गेला.

"तेव्हा मला काय वाटेल, खरंच ठाऊक नाही," कुंदन म्हणाला. "शेजारी उभ्या असाल?"

"असेन," ती म्हणाली.