सोड म्हणेपर्यंत

बॉनेट माझ्या अंगठ्यावर पडलं तेव्हा मला दुखलं नाही. नख काळंनिळं झालं, म्हणून मी आत जाऊन बर्फ आणला. दुखत होतं म्हणून नव्हे, अशा वेळी बर्फ लावतात म्हणून. त्या आठवड्यात गॅरेजमध्ये असं बरंच काही झालं. इंजिनाचं तेल बदलताना फिल्टरचं रबर लावायचं राहिलं आणि काळं तेल माझ्या चपलांत उतरलं. कार्बुरेटरचा एवढासा स्क्रू हातातून निसटला. गुडघे टेकून सगळी फरशी चाचपली, तर साहेब माझ्याच शर्टाच्या दुमडलेल्या बाहीत बसलेले. पूर्वी अशा वेळी मी शिव्या घातल्या असत्या. आता नुसता स्क्रू जागेवर लावला.

गाडी लाल, दोन सीटची, बुटकी, वर कापडी टप. आता असल्या गाड्या बनत नाहीत आणि जुन्यांचे भाग मिळवताना नाकी नऊ येतात. बायको तिला माझी दुसरी म्हणायची आणि त्या दुसरीचे सगळे लाड स्वतःच पुरवायची. बायको मागच्या हिवाळ्यात गेली. मी रडलो नाही. लोक म्हणाले, माणूस धीराचा आहे. धीर कसला, मी बधिर झालो होतो.

मुलीने ठरवलं होतं की मी तिच्याकडे राहायला जायचं. ती रविवारी दुपारी न्यायला येणार होती. गाडी आमचा नेहमीचा मिस्त्री त्याच्या शेडमध्ये घेऊन जाणार होता. "साहेब, मी तिला आईसारखी सांभाळीन," असं तो म्हणाला होता. मी दोघांनाही बरं म्हटलं. हल्ली मी सगळ्यालाच बरं म्हणत होतो. फक्त गाडीचा ब्रेक लिबलिबीत झाला होता. तशी गाडी कोणाच्या हाती देणं मला पटेना.

ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढणं हे दोघांचं काम. एकाने सीटवर बसून पेडल दाबायचं. दुसऱ्याने चाकापाशी आडवं पडून एक बारीक नट सैल करायचा, की तेल आणि बुडबुडे नळीतून बरणीत येतात. नट पुन्हा घट्ट होईपर्यंत पेडल दाबून धरायचं. मध्येच पाय उचलला तर हवा परत आत शिरते आणि सगळी मेहनत पाण्यात. म्हणून आमचे तीन शब्द ठरलेले होते: दाब, धर, सोड.

बायको 'धर'पर्यंत व्यवस्थित यायची. 'सोड'ची वाट पाहणं मात्र तिच्या स्वभावातच नव्हतं.

"अगं, मी सोड म्हटलं का?"

"तुम्ही म्हणणारच होतात की."

की पुन्हा पहिल्यापासून. इतक्या वर्षांत एकदाही तिने शेवटपर्यंत धरलं नाही, आणि एकदाही चूक कबूल केली नाही.

रविवारी सकाळी मी गाडी जॅकवर घेतली. मुलगी आली की तिला पेडलवर बसवायचं, तोवर नळी आणि बरणी जोडून ठेवायची, एवढाच विचार होता. मागच्या चाकापाशी चटई टाकून आडवा झालो. तिथून गाडीचा पत्रा आणि वरचा पिवळा दिवा सोडून काही दिसत नाही. नळी जोडली, नटाला पाना लावला, आणि सवयीने तोंडातून गेलं, "दाब."

पेडलचा स्प्रिंग करकरला.

मी आयुष्यभर पुलांची तपासणी केली आहे. तडा दिसला की त्याचं कारण शोधायचं, याचाच मला पगार मिळायचा. स्प्रिंग जुना आहे, थंडीने आखडला असेल, असं म्हणून मी नट सैल केला. तेल थेंबथेंब आलं असतं तर ते आपल्या वजनाने उतरलं असं म्हणता आलं असतं. ते चिळकांडी मारून आलं. बुडबुड्यांसकट.

"धर," मी म्हणालो. माझा आवाज मलाच बारीक वाटला.

नट आवळला. मुद्दाम थांबलो. वर काही हललं नाही.

"सोड."

पेडल सावकाश वर आलं.

त्याच क्षणी माझ्या अंगठ्यातून कळ गेली. डोळ्यांत पाणी आलं, आणि किती महिन्यांनी मला आनंद झाला. तीच होती. दुसरं कोण असणार? मी चारही चाकं केली. दर वेळी मी सांगेपर्यंत तिने धरून ठेवलं. एकदा तर मी 'सोड' म्हणायचं लांबवून पाहिलं, तरी ती थांबली. मला वाटलं, बिचारीला आता घाई नाही.

मी उठून सीटकडे पाहिलं नाही. आपण पाहिलं आणि ती निघून गेली तर, ही भीती होती.

"अगं, इथे गारठ्यात नको बसूस," मी भिंतीकडे तोंड करून म्हणालो. "घरात ये. मी कुठेही जात नाही."

गॅरेजमधून घरात जाणारं दार मी सताड उघडलं आणि त्याला वीट लावून ठेवली. मग बाहेरच्या नळावर हात धुवायला गेलो. बराच वेळ धुतले.

मुलगी रिकामी खोकी घेऊन आली.

"बाबा, तुमची बॅग कुठेय?"

"मी येत नाही."

"म्हणजे?"

"इथेच राहणार आहे. मिस्त्रीलाही नको म्हणून कळवतो."

तिने खोकी खाली ठेवली. माझा चेहरा निरखून पाहिला. तिला तो बरा दिसला असावा, कारण ती भांडली नाही. गाडीजवळच्या तेलाच्या बरणीकडे नजर गेल्यावर तिने विचारलं, "ब्रेक केलेत? पेडलवर कोण होतं?"

"तुझी आई."

तिने बरणी उचलून पाहिली. मग अगदी हळू म्हणाली, "मग हवा राहिली असेल, बाबा. आईने कधी शेवटपर्यंत धरलंय?"

"या वेळी धरलं. प्रत्येक वेळी."

माझंच वाक्य माझ्या कानांवर पडलं.

ब्रेक दाबून पाहायला ती दार उघडून गाडीत बसली. पाय लांब केला. आणखी लांब केला.

"बाबा, पाय पोचत नाहीये."

आमच्या घरात सगळे बुटके. ती सीट गाडी घेतल्यापासून सगळ्यात पुढच्या खाचेत होती आणि तिथेच गंजून बसली होती. आता ती पार मागच्या पत्र्याला टेकली होती. रुळांवरचा गंज ताजा खरवडलेला होता.

"उतर," मी म्हणालो.

"पण सीट कोणी..."

"उतर. मी येतो तुझ्याकडे. आत्ता. बॅग नको."

तिने एक पाय बाहेर ठेवला.

उघड्या दारातून, आत स्वयंपाकघरात, खुर्ची ओढल्याचा आवाज आला. जड अंगाने कोणीतरी सावकाश बसलं.