शाल्मली गाडी शिकते

वणीच्या बसस्टँडसमोर पांढरी गाडी उभी दिसली, तशी शाल्मली मागचं दार उघडून आत बसली, पिशवी मांडीवर घेतली आणि म्हणाली, "चला, नागपूर."

पुढच्या माणसानं आरशातून तिच्याकडे पाहिलं. "नागपूर…" तो जरा विचारात पडला. "जाऊ ना. पण मॅडम, आपल्या इथं पहिल्या दिवशी निस्ता क्लच शिकवतो. नागपूरले जायले महिना लागन."

तेव्हा कुठे तिला काचेवरचं लाल 'L' अक्षर दिसलं. ही ड्रायव्हिंग स्कूलची गाडी होती, आणि तिची टॅक्सी पलीकडे हॉर्न वाजवत होती. कानापर्यंत लाल होत ती उतरली. तोही उतरला, हात वर करून कोळशाचा ट्रक थांबवला आणि तिला रस्ता पार करून दिला. "शिकाचं असन त या," तो म्हणाला, "फक्त मागं बसून येत नाही."

पाण्याची बाटली घेऊन आलेल्या तिच्या बाबांनी, कमलाकररावांनी, पाहिलं, तर लेक टॅक्सीत एकटीच हसत होती. कितीतरी दिवसांनी.

नागपूरचा तो रस्ता हसण्याचा नव्हता. शाल्मली तिशीतली, ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणारी. वर्षभर पाळीचं तंत्र बिघडलं होतं. सगळे वजनाला दोष देत राहिले. शेवटी नागपूरला आतला तुकडा काढून तपासला, आणि निघाला गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर. अगदी सुरुवातीचा. डॉक्टरबाईंनी समजावलं, की एरवी गर्भाशय काढूनच टाकतात. पण तुझं वय लहान आहे, पुढे मूल हवं असेल तर हार्मोनच्या गोळ्या देऊन पाहू, काही महिन्यांनी पुन्हा तपासू. आजार गेला, तर मग मुलासाठी फार थांबायचं नाही.

आईनं, सुमेधाताईंनी, त्यातलं शेवटचंच वाक्य पदराला बांधलं आणि मुलगे पाहायला सुरुवात केली. आजाराचं मागाहून सांगू, असंही ठरवून टाकलं. शाल्मलीनं त्याला साफ नकार दिला. तेव्हापासून दर रविवारी स्थळाचा विषय निघे आणि घरात अबोला होई.

पुढच्याच आठवड्यात ती ड्रायव्हिंग स्कूलच्या दारात उभी राहिली. नागपूरला आपलं आपण जायचं, शेजारी बाबांचा उतरलेला चेहरा नको… एवढंच तिनं स्वतःला सांगितलं.

शिकवणारा तोच, गोपाल ढवस. मारेगावकडे घरची कपाशी, वणीत ही शाळा. ती त्याला सर म्हणाली, तर तो म्हणाला, "कॉलेजच्या मॅडमनं सर म्हटलं का मले मागं वळून पाहा लागते, कोण आलं म्हणून."

रस्त्याच्या दोन्ही अंगांना फुटलेला कापूस, आणि समोरून धूळ उडवत येणारे कोळशाचे ट्रक. ट्रक दिसला की तिचे हात ताठरायचे. मग त्याचा हात स्टिअरिंगच्या जवळ यायचा. तिला न लागता, नुसता हवेत थांबायचा. काही दिवसांनी तिच्या लक्षात आलं, की आपण ट्रककडे कमी आणि त्या हाताकडे जास्त पाहतो आहोत.

"समोर पाहा, मॅडम."

"समोरच पाहतेय."

"हो… दिसून राह्यलं मले."

एकदा रेल्वेचं फाटक पडलं. कोळशाची मालगाडी संपता संपेना. त्या धडधडाटात शाल्मलीनं त्याला सगळं सांगून टाकलं — आजार, गोळ्या, आईची घाई. गाडी गेली, फाटक उघडलं. मग त्यानं विचारलं, की आज गाडी मी चालवू का. ती नाही म्हणाली. त्यानं मान हलवली आणि म्हणाला, "मग पहिला गिअर टाका."

तिला तेच फार आवडलं.

थंडी सरता सरता त्यानं लग्नाचं विचारलंच. फार आढेवेढे न घेता, कारण घरी त्याच्यासाठीही पाहणं चाललं होतं. शाल्मलीचं मन तर केव्हाच हो म्हणून बसलं होतं, तरी ती नाही म्हणाली.

"आत्ता हो म्हटलं, तर मला कधीच कळणार नाही, की मी तुम्हाला हो म्हटलं… की कॅलेंडरला."

"मग कॅलेंडर उतरू द्या भिंतीवरून," तो म्हणाला, आणि पुन्हा तो विषय त्यानं काढला नाही.

पुढच्या तपासणीत कळलं, गोळ्यांनी काम केलं नव्हतं. अजून थोडं थांबून पाहावं, असं आईला वाटत होतं. शाल्मलीनं ऑपरेशन ठरवलं. "आई, मला आधी जगायचंय," ती म्हणाली. सुमेधाताई रडल्या, आणि मग उठून त्यांनीच तिची बॅग भरली. गर्भाशय काढलं, बीजकोश ठेवता आले. रिपोर्ट चांगला आला. आता फक्त वेळच्या वेळी दाखवायला जायचं होतं. नाही म्हणायला, एक-दोन रात्री ती उशीत तोंड खुपसून रडली — न झालेल्या मुलासाठी. मग हळूहळू भूक लागू लागली, झोप लागू लागली.

डॉक्टरांनी गाडी चालवायला परवानगी दिली, तसं तिनं गोपालला बोलावलं आणि बाबांची गाडी झरीच्या जंगलाकडे घेतली. पळस पेटला होता. एका वळणावर तिनं गाडी बाजूला लावली.

"तुम्हाला वाईट नाही वाटलं? मुलाचं?"

"वाटलं," तो म्हणाला. "खोटं कायले बोलू? एक दिवस वावरात एकटाच बसून होतो. घरी मायले सांगतलं, थे दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणे, पोरगी भाकर खाते का?"

शाल्मली हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले.

"मी खाते भाकर. पण ऐका ना… आता कुठलीच मुदत नाही माझ्यामागे. मला घाईनं लग्न नकोय. मला नीट… सावकाश प्रेमात पडायचंय."

गोपालनं तिच्याकडे पाहिलं. या वेळी त्याचा हात हवेत थांबला नाही. तिच्या हातावर टेकला.

"मी त कधीचाच पडलो," तो म्हणाला. "तुमी या सावकाश."