गुणाबाईच्या पदराची गाठ

"अक्का, ऊठ ना! किती वेळ एकाच जागी बसून राहिलीस!" मन्मथनं बहिणीचा हात ओढला.

"थांब रे! निळ्यानंतर दोन पिवळे, मग तांबडा... असा नमुना कुठल्याच दुकानात न्हाई!"

दानम्माला सुट्टीत स्वतःच्या हातानं माळ ओवायची होती. लातूर नवा जिल्हा होऊन वर्षही झालं नव्हतं, पाऊस तर दोन वर्षं रुसलेला. तरी मैदानावर मणी-खड्यांची जत्रा भरली होती. मांडवाच्या कडेला पोत्यावर काचेचे मणी मांडून बसलेल्या गुणाबाईच्या माळा ती वहीत उतरवत होती.

"मावशी, तुमचा नमुना घेऊ का?"

"घे की माय! रंग काय म्या घडविलेत? देवाचे हायत."

तेवढ्यात समोरून ओरडा आला. "माझी पोवळ्याची माळ! आत्ता हितंच होती!" ओरडणारे होते माणिकप्पाकाका; त्यांचं दुकान जत्रेतलं सगळ्यात मोठं.

गर्दी जमली आणि दानम्मा बोलून गेली, "काका, गुणामावशीनं मघाशी पदरात कायतरी बांधलंय. मी पाहिलं!"

"सोड गं गाठ!" काका गरजले.

गुणाबाईनं गाठ सोडली. आत चतकोर भाकरी आणि मिरचीचा ठेचा! कुणीतरी फिस्सकन हसलं. गुणाबाईनं ती गाठ पुन्हा घट्ट बांधली.

दानम्माचे कान तापले. सकाळी गळ्यातल्या इष्टलिंगाची पूजा करून, विभूती लावून निघाले, आणि तोंडातून हे काय निघालं!

"अक्का, लई वाईट केलंस," मन्मथ कुजबुजला.

"ठाऊक हाय. आता माळ सापडायलाच पाहिजे!"

ती दुकानात शिरली. खुंटीला दोऱ्याचा ओला, पिंजलेला तुकडा लोंबत होता, खाली बादली होती. तिनं मन्मथला डोळ्यानं खुणावलं.

"काका," मन्मथ भाबडेपणानं म्हणाला, "ती माळ इतकी चमकायची कशी हो?"

"हे बघ!" काका खुलले. दुसरी माळ त्यांनी बादलीतल्या गढूळ पाण्यात बुचकळली आणि खुंटीला अडकवली. टँकरचं पाणी, म्हणून आठ दिवस कुणी ओतून टाकलंच नव्हतं. माळेचं पाणी टपटप गळू लागलं.

"पाणी कुठं पडतंय, काका?"

"बादलीत! मग?"

"आणि भिजून भिजून दोरा कुजला, तर मणी कुठं पडतील?"

काकांचा चेहरा पडला. दानम्मानं कोपरापर्यंत हात बादलीत घातला. गाळातून मूठ वर आली, ती पोवळ्यांनी तांबडीलाल!

"शाब्बास! काय डोकं हाय पोरीचं!" टाळ्या कडकडल्या. दानम्माला मात्र एकेक टाळी गालावर बसल्यासारखी वाटली. ती स्टुलावर चढली.

"टाळ्या नकोत! मावशीनं काहीच घेतलं नव्हतं. मी नीट न बघता आळ घेतला. माझं चुकलं!"

काकांनी डोक्यावरची टोपी काढली आणि गुणाबाईला हात जोडले. "माझं बी चुकलं, बाई." मग दानम्माकडं वळून हळू आवाजात म्हणाले, "माळेपेक्षा हे मोठं काम केलंस, पोरी."

दानम्मा मान खाली घालून पोत्याजवळ जाऊन बसली. "मावशी, आज तुमचे मणी मी विकू?"

गुणाबाईनं माळांचा जुडगा दानम्माच्या हातात दिला.

"मग वर बघ की! मान खाली घालून कुणाला इकशील?"