खड्याखालच्या चौकटी

इंग्लंडमधल्या सफोकच्या आमच्या गावात पोरांना दीड हजार वर्षांपूर्वीच्या सॅक्सन दागिन्यांचा धडा देणारी मीच. माझ्या नवऱ्याला, रॉडनीला, नांगरलेल्या शेतात एका सॅक्सन बाईचं थडगं सापडलं. त्यातला ब्रोच संग्रहालयाला दिला आणि हे काम माझ्या गळ्यात पडलं. त्या काळच्या बायका दोन्ही खांद्यांवर एकेक ब्रोच लावून झगा सावरत. थडग्यात दुसरा नव्हताच, असं रॉडनीने शपथेवर सांगितलं. मीही सगळ्यांना तेच सांगत आले.

त्या दिवशी गावच्या हॉलमध्ये पोरं पुठ्ठ्याचे ब्रोच करत होती. बाहेर दुपारीच अंधारून आलेलं. तामड्याचा लाल खडा नुसता ठेवला तर काळपट दिसतो, मी सांगत होते, म्हणून कारागीर त्याखाली बारीक चौकटी ठोकलेला सोन्याचा पत्रा बसवत. आता इतकं कोणी करत बसत नाही.

हॉलमध्ये ओल्या मातीचा वास यायला लागला. पोरांच्या बुटांचा असेल म्हणून मी खिडकी उघडली. तो वाढतच गेला.

मेझी नावाच्या चिमुरडीने माझा हात धरून अंगठीवर टॉर्च मारला. लग्नाच्या वाढदिवसाला रॉडनीने दिलेली अंगठी.

"मिस, यात पण चौकटी आहेत."

"नाही गं, ही दुकानातली आहे."

"त्या बाई म्हणाल्या, बघ म्हणून... त्या काय, खांदा धरून उभ्या आहेत. झगा घसरतोय त्यांचा."

खड्याखाली सोनेरी चौकटी चमकत होत्या.

दाराशी ती होती. उंच, मातकट, एका हाताने खांद्यावरचं कापड घट्ट धरलेली. भीती वाटली, खोटं कशाला बोलू. पण त्याहून जास्त संताप आला. तो दुसरा ब्रोच फोडून त्यातला खडा पत्र्यासकट माझ्या बोटात घालताना रॉडनीने माझा हात ओठांना लावला होता. फसवलं ते फसवलं, वर मला मिरवायलाही लावलं.

पोरं गेल्यावर मी अंगठी तिच्यापुढे धरली. तिने घेतली नाही. मी फाटकाशी जाऊन उभी राहिले, तर तीही शेजारी येऊन थांबली.

रॉडनीची गाडी आली. "बस लवकर, गारठशील."

"अंगठी कुठून घेतली होतीस रे?"

"इप्सविचच्या दुकानातून. सांगितलं होतं की." माझ्या डोळ्यांत बघून म्हणाला.

मी गाडीचं मागचं दार उघडलं, जरा थांबले, मग लावून घेतलं.

"पिशवी ठेवलीस?"

"तू हो पुढे. मी चालत येते..."

गाडी निघाली ती मागून दबलेलीच. वळणावर आतला दिवा लागला. रॉडनी मागे वळून कोणाला तरी काही सांगत होता. बहुधा तेच, जे मला सांगितलं होतं.